पादोव्हा एका दिवसात: आधी १५ मिनिटांची खुंटी ठोका, मग बाकीचं टांगा

मी बोलोन्याला राहते, आणि दर उन्हाळ्यात भारतातून कुणी ना कुणी येतंच, आणि प्रत्येकाचं वाक्य तेच, "व्हेनिसला चाललोय, वाटेत पादोव्हा करून घेतो." करून घेतो म्हणे! रात्री फोन येतो की चॅपलचं तिकीट संपलं होतं, नाहीतर चर्चमध्ये काय बघायचं ते कळलंच नाही, नाहीतर पोचलो तेव्हा सगळी रेस्टॉरंटं बंद. तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

मूळ चूक एकच असते. लोक आधी ट्रेन ठरवतात, मग हॉटेल, मग जेवण, आणि चॅपलचं तिकीट "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून देतात. पादोव्हात उलटं करायचं. जोत्तो ह्या जुन्या इटालियन चित्रकाराने रंगवलेल्या स्क्रोवेन्यी चॅपलमध्ये तुम्हाला साधारण १५ मिनिटं मिळतात, तीही ठरलेल्या तारखेची ठरलेल्या वेळेची. ती वेळ म्हणजे खुंटी. ती ठोकल्याशिवाय काहीच टांगायचं नाही.

## १. आधी नावांचा घोळ मिटवा

आपण इंग्रजीतून पादुआ म्हणतो, इटलीत ते पादोव्हा. ट्रेनच्या ॲपमध्ये, स्टेशनच्या बोर्डवर, तिकिटावर सगळीकडे पादोव्हाच. एका ओळखीच्या काकांनी ट्रेनमध्ये पादुआची वाट बघत पादोव्हा जाऊ दिलं आणि थेट व्हेनिसच्या अलीकडे मेस्त्रे स्टेशनला उतरले.

दुसरा घोळ इथल्या प्रसिद्ध संताच्या नावाचा. वसईत संत अंतोनी, गोव्यात सांत आंतोन, मुंबईत सेंट अँथनी, सगळे एकच. पण पादोव्हात त्याचं नावच कुणी घेत नाही, नुसतं "इल सांतो" म्हणतात, म्हणजे 'संत', बास. त्याची समाधी असलेल्या बासिलिकेला, म्हणजे मोठ्या चर्चलाही, इल सांतोच म्हणतात. ट्राम स्टॉपचं नाव पण सांतो. रस्ता विचारताना सान अंतोनिओ म्हणालात तरी चालेल, पण बोर्डवर सांतो शोधा.

तिसरं म्हणजे शहरातल्या दोन मोठ्या जागा एकमेकींपासून लांब आहेत. स्क्रोवेन्यी चॅपल स्टेशनच्या बाजूला, चालत १० मिनिटं. इल सांतो तिथून पुढे दक्षिणेला, चालत २० एक मिनिटं. चित्रांसाठी येणारे पहिल्याच टोकाला थांबतात, वसई-गोव्याकडचे यात्रेकरू थेट दुसऱ्या टोकाला जातात आणि दोघंही अर्धं शहर बघून परत फिरतात. आपल्याला दोन्ही करायचंय.

## २. खुंटी: चॅपलचं बुकिंग

चॅपलमध्ये एका वेळी जास्तीत जास्त २५ माणसं सोडतात. बुकिंग सक्तीचं आहे. काउंटरवर कधी कधी उरलेली तिकिटं मिळतात, पण त्या भरवशावर व्हेनिसहून येणं म्हणजे लग्नाच्या हॉलवर जाऊन जेवणाचं कूपन शोधणं.

हा क्रम पाळा:

१. चॅपलच्या अधिकृत साइटवरूनच तिकीट काढा. सर्चमध्ये वरती मधल्या दलालांच्या साइट येतात, त्या गाईड-टूर लावून दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. साधं तिकीट १५ युरोच्या आसपास असतं आणि त्यातच शेजारचं एरेमितानी म्युझियम पण येतं.

२. आठवड्याचा मधला दिवस निवडा. शनिवार-रविवार आणि मे-जून, सप्टेंबरसाठी मी तरी महिनाभर आधी काढते.

३. वेळ सकाळी १० ते ११ च्या मधली घ्या. ९ ची घेतलीत तर ट्रेन १० मिनिटं लेट झाली तरी घाम फुटतो, आणि दुपारची घेतलीत तर सगळा दिवस त्या वेळेकडे बघत जातो.

४. वेळ २४ तासांच्या घड्याळात असते. १७:०० म्हणजे ५ वाजता. हसू नका, ७ वाजता पोचलेली माणसं मी बघितलीत.

५. पेमेंटच्या आधी कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार चालू करा आणि ओटीपी येणारा फोन हातात ठेवा. भारतातून बुक करताना बऱ्याच जणांचं इथेच अडतं, पेज टाइमआउट होतं आणि तोवर स्लॉट जातो.

६. आलेला मेल उघडून पूर्ण वाचा. तिकीट काउंटरवरून घ्यायचं की मोबाइलवर चालतं, किती आधी हजर व्हायचं, सगळं त्यात असतं. गुगलने भाषांतर करा पण वाचा.

थांबा: सोमवारी म्युझियम बंद असतं पण चॅपल चालू असतं. त्यामुळे सोमवारचे स्लॉट सापडतात आणि लोक खूश होऊन घेतात. घ्या, काही हरकत नाही, फक्त तुम्हाला दुपारी बघायचा पालाझ्झो देल्ला राजोने (चौकांमधली प्रचंड हॉलवाली जुनी इमारत) पण सोमवारी बंद असतो हे लक्षात ठेवा.

शहराचं एक कार्ड पण मिळतं, ४८ तासांचं आणि ७२ तासांचं, चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्रांच्या सगळ्या जागा त्यात येतात (ह्या जागांना २०२१ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला). दोन दिवस राहणार असाल तर परवडतं. पण ह्यात सगळ्यात जास्त फसगत होते, कारण कार्ड घेतलं म्हणजे चॅपलची वेळ मिळाली असं नाही. कार्ड असलं तरी स्लॉट वेगळा बुक करावाच लागतो.

तपासा: तारीख, वेळ, माणसं, तिन्ही परत एकदा. मग स्क्रीनशॉट काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

## ३. तारखा: कधी जाऊ नये, आणि कोणी मुद्दाम जावं

१३ जून हा संत अंतोनीचा सण, १२३१ मध्ये ह्याच दिवशी तो वारला. तेव्हा पादोव्हात अख्खा दिवस प्रार्थना, संध्याकाळी मिरवणूक, आणि आधीचे १३ दिवस तयारीच्या प्रार्थना. तुम्ही भाविक असाल आणि गर्दीचं वाकडं नसेल तर मुद्दाम जा, आपल्याकडे गोव्यात शिवोलीला सापाला दोरी बांधलेला अंतोनी ज्यांनी बघितलाय आणि १३ जूनला पावसात भिजत फेस्ताला गेलेत त्यांना हे वातावरण लगेच ओळखीचं वाटेल. पण फक्त चित्रं बघायची असतील तर तो आठवडा टाळा, हॉटेलं मिळत नाहीत आणि मिळाली तर खिसा रिकामा.

मंगळवार हा त्याचा वार, कारण दफन मंगळवारी झालं. मुंबई-वसईकडच्या मंगळवारच्या नोव्हेनांचं (ठरावीक वारी करायच्या प्रार्थनांचं) मूळ हेच. मंगळवारी इल सांतोमध्ये थोडी जास्त वर्दळ असते, पण त्रास होण्याइतकी नाही.

## ४. कपडे आणि बॅग (इथे अर्धे लोक चुकतात)

इल सांतोमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांना तसं पुरुषांनाही. जुलैच्या उन्हात सगळे शॉर्ट्स घालून निघतात आणि दारात अडकतात. सोप्पा उपाय म्हणजे पातळ सुती पँट आणि पिशवीत एक ओढणी. ओढणीसारखी उपयोगी वस्तू युरोपात दुसरी नाही, खांद्यावर टाका, डोक्याला बांधा, बाकावर अंथरा.

चॅपलमध्ये बॅग नेता येत नाही. एरेमितानीच्या क्लोकरूममध्ये ठेवावी लागते आणि तिथे मोठ्या सूटकेस घेत नाहीत. व्हेनिस ते मिलान जाताना मधे उतरणार असाल आणि बरोबर दोन-दोन चाकांच्या बॅगा असतील तर लगेज ठेवायची जागा स्टेशनजवळ आदल्या दिवशीच बघून बुक करा. बॅगा ओढत चॅपलच्या काउंटरवर जाऊन "प्लीज, फक्त अर्धा तास" म्हणणारं एक तरी कुटुंब दर वेळी दिसतं, दुर्दैवाने बहुतेक वेळा आपलंच.

## ५. ट्रेन

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनहून पादोव्हा फास्ट रीजनल ट्रेनने साधारण अर्धा तास, सगळीकडे थांबणारीने पंचेचाळीस-पन्नास मिनिटं, भाडं ५ युरोच्या आसपास. एवढ्यासाठी महागड्या फ्रेच्चारोस्साची, म्हणजे हाय-स्पीड ट्रेनची, गरज नाही. बोलोन्याहून मात्र फ्रेच्चा घ्या, तासाभरात येते. मिलानहून साधारण दोन तास.

रीजनल तिकिटाचं भाडं ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढून काही वाचत नाही. पण एक काम विसरतात. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, आणि मोबाइलवर असेल तर चढण्याआधी ॲपमध्ये चेक-इन दाबायचं. तिकीट खरेदी केलंय, पैसे भरलेत, तरी शिक्का नाही म्हणून दंड होतो, आणि टीसीला "आम्ही टुरिस्ट आहोत" हे कारण रोज दहा वेळा ऐकून पाठ झालेलं असतं.

थांबा: आदल्या रात्री 'शोपेरो' हा शब्द सर्च करा, म्हणजे संप. इटलीत संप आधी जाहीर करून होतात, बहुतेकदा शुक्रवारी. कामाच्या दिवशी रेल्वेचा संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रीजनल गाड्या सोडतात, त्यातली पकडा.

पोचायची वेळ अशी धरा: चॅपलचा स्लॉट १०:३० चा असेल तर पादोव्हा स्टेशनवर ९:१५ पर्यंत. हो, सव्वा तास आधी. पुढे कळेल का ते.

## ६. स्टेशन ते चॅपल

स्टेशनच्या बाहेर आलात की समोर सरळ रस्ता, कोर्सो देल पोपोलो, पूल ओलांडला की तोच पुढे कोर्सो गारिबाल्दी होतो, डाव्या हाताला झाडं आणि रोमन काळातल्या भिंतीचे अवशेष दिसले की आलंच. चालत १० मिनिटं. गुडघे दुखत असतील तर ट्राम आहे, एकच रूळ आणि रबरी टायरवाली, एरेमितानी स्टॉपला उतरा. तिकीट चढण्याआधी काढा, पांढरा टी लिहिलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं.

ट्राममध्ये दिशा बघून चढा. आमच्या वन्सं आणि भावजी मागच्या वर्षी आले तेव्हा मी फोनवर शंभरदा सांगितलं की चालत जा, पण वन्संचा गुडघा, म्हणून ट्राम, आणि ती नेमकी उलट्या दिशेची, दोन स्टॉप गेल्यावर भावजींना शंका आली. धावतपळत पोचले तेव्हा स्लॉटला चार मिनिटं उशीर झाला होता. काचेच्या खोलीचं दार बंद, आत पंचवीस माणसं बसलेली, बाहेर आमच्या वन्सं काचेला हात लावून उभ्या. आतल्या बाईने मान हलवली, एवढंच. दार उघडत नाही, कुणासाठीच उघडत नाही, आणि तिकीट वाया.

आता त्याचं कारण सांगते, म्हणजे राग येणार नाही. ती काचेची खोली म्हणजे वेटिंग रूम वाटते पण ती हवा स्थिर करणारी खोली आहे. माणसं श्वासातून, घामातून, कपड्यांतून ओल आणि धूळ आत नेतात, आणि ७०० वर्षं जुन्या रंगांना तेच मारतं. म्हणून प्रत्येक ग्रुपला आधी साधारण १५ मिनिटं त्या खोलीत बसवतात, आतली हवा गाळून-सुकवून घेतात आणि मगच चॅपलकडचं दार उघडतं. मधेच एकाला आत घेतलं तर सगळं पहिल्यापासून.

म्हणजे हिशोब असा:

- ४५ मिनिटं आधी एरेमितानीच्या काउंटरवर: तिकीट, क्लोकरूम, टॉयलेट, ह्याच क्रमाने
- १० मिनिटं आधी बागेतल्या काचेच्या खोलीसमोर
- स्लॉटच्या वेळेला आत, मग १५ मिनिटं बसणं, तिथे चॅपलवरची फिल्म चालू असते
- मग १५ मिनिटं प्रत्यक्ष चॅपल

तपासा: क्लोकरूमपासून काचेची खोली बागेतून चालत काही मिनिटं लांब आहे. काउंटर आला म्हणजे पोचलो असं नाही.

## ७. आतली १५ मिनिटं कशी वापरायची

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण एवढी धावपळ ह्याच्यासाठीच केली आणि लोक आत जाऊन काय करतात, तर छताचे फोटो काढतात. निळं छत, सोनेरी तारे, सुंदरच आहे, पण ते पुस्तकात पण दिसतं. ह्या १५ मिनिटांत मोबाइल खिशात ठेवून पाच गोष्टी डोळ्यांनी बघा, मग पाहिजे तर शेवटची दोन मिनिटं फोटो, फ्लॅश न मारता.

चॅपल १३०५ मध्ये पवित्र केलं, एन्रिको स्क्रोवेन्यी नावाच्या श्रीमंत माणसाने बांधलेलं. त्याचा बाप सावकार, इतका नामचीन की कवी दांतेने आपल्या काव्यात त्याला नरकात बसवलाय. पोराने बांधलं चॅपल. आपल्याकडे पण सावकारांनी घाट बांधलेत, कळतं आपल्याला.

आत शिरलात की आधी दिशा पकडा. आत सगळीकडून चित्रं अंगावर येतात आणि पहिली चार मिनिटं नुसती गिरक्या घेण्यात जातात. एका भिंतीला सहा खिडक्या आहेत, समोरच्या भिंतीला एकही नाही. वेदीकडे तोंड केलंत की खिडक्यांची भिंत उजव्या हाताला. गोष्ट तिथूनच सुरू होते, खिडक्यांच्या भिंतीवर सगळ्यात वरची ओळ, वेदीजवळचं पहिलं चित्र.

मिनिट १ ते ३. वरची ओळ. खिडक्यांच्या भिंतीवर येशूची आई मरिया हिच्या आईवडिलांची गोष्ट, वेदीपासून मागच्या भिंतीकडे वाचत जा. मूलबाळ नाही म्हणून म्हाताऱ्या योआकिमला देवळातून हाकलतात, तिथपासून. ओळीच्या शेवटी तो आणि आन्ना शहराच्या सोनेरी वेशीजवळ भेटतात, दोन म्हाताऱ्या माणसांचे चेहरे एकमेकांना इतके टेकलेत की मधे एकच डोळा-नाक आहे असं वाटतं. समोरच्या भिंतीवर तीच ओळ उलटी, वेदीकडे परत, मरियेचं बालपण आणि लग्न.

मिनिट ४ ते ६. मधली ओळ, परत खिडक्यांच्या भिंतीपासून, येशूचा जन्म आणि पुढचं. तीन राजांच्या चित्रात तारा बघा, तो तारा नाहीच, शेपटीवाला धूमकेतू आहे. १३०१ मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला होता.

मिनिट ७ ते ११. खालची ओळ, आणि इथे वेळ घालवा. खिडक्यांच्या भिंतीवर यहूदाचं चुंबन, म्हणजे येशूला दगा देणाऱ्या शिष्याचं. यहूदाचा पिवळा झगा येशूला जवळजवळ गिळतो, मागे भाले-मशालींची गर्दी, आणि त्या सगळ्या गोंधळात दोन चेहरे शांतपणे एकमेकांकडे बघतायत. मग वळून समोरच्या भिंतीवर खालच्या ओळीत येशूचा मृतदेह मांडीवर घेतलेली मरिया शोधा. पुढ्यात दोन माणसं आपल्याकडे पाठ करून बसलीत, त्यांचे चेहरे दिसत नाहीत, नुसत्या पाठी, आणि त्या पाठींवरूनच कळतं काय झालंय. वर आकाशात छोटे देवदूत रडतायत, एकाने हात पसरलेत, एक गाल ओरबाडतोय. आपल्याकडे घरात माणूस गेलं की बायका बसतात तसंच आहे ते. एकदा एक अनोळखी आजी माझ्याशेजारी उभी राहून कुठल्यातरी भाषेत हळूच काहीतरी बोलली, मला एक शब्द कळला नाही आणि तरी मी मान डोलावली.

मिनिट १२-१३. सगळ्यात खालचा पट्टा कुणीच बघत नाही, कारण तो करड्या रंगाचा, दगडात कोरल्यासारखा रंगवलाय. एका बाजूला सात सद्गुण, दुसऱ्या बाजूला सात दुर्गुण. मत्सर शोधा: तिच्या तोंडातून साप निघतो आणि वळून तिच्याच डोळ्यांवर येतो.

मिनिट १४-१५. मागची अख्खी भिंत, अंतिम न्याय. खाली क्रुसाजवळ एक माणूस गुडघ्यावर बसून चॅपलचं मॉडेल अर्पण करतोय, तोच एन्रिको.

घंटा वाजली की बाहेर. भांडू नका, मागे पंचवीस जण हवा सुकवत बसलेत.

## ८. मधला वेळ: चौक आणि जेवण

बाहेर आल्यावर म्युझियम पटकन करा, किंवा शेजारचं एरेमितानी चर्च बघा, फुकट आहे. चित्रकार मान्तेन्याची भित्तिचित्रं तिथे होती, ११ मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेली, आता तुकडे जोडून लावलेत. जोत्तोचं चॅपल तिथून हाकेच्या अंतरावर. ते वाचलं हा नुसता योग.

मग चालत चौकांकडे. पियाझ्झा देल्ले एर्बे आणि पियाझ्झा देल्ला फ्रुत्ता, मधे पालाझ्झो देल्ला राजोने, वरती प्रचंड हॉल, लांबी ८० मीटरच्या वर. आत एक काळा दगड आहे तो चुकवू नका, दिवाळखोर कर्जदाराला त्यावर उघड्या ढुंगणाने तीनदा बसून "माझं सगळं सोडतो" म्हणायला लावायचे आणि मग शहराबाहेर.

भाजीबाजार सकाळचा असतो, दुपारी आवरतो. आणि जेवायचं १२:३० ते २ च्या मधेच, त्यानंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी साडेसातपर्यंत. मधल्या वेळात बारमध्ये सँडविच मिळतं, बस.

शाकाहाऱ्यांसाठी वेगळी सूचना, आणि ही गंभीर आहे. 'बिगोली इन साल्सा' म्हणजे टोमॅटो सॉसचा पास्ता वाटतो, त्यात मासे असतात. 'स्फिलाच्ची' असं लिहिलेलं काही पिझ्झ्यावर दिसलं तर ते घोड्याचं मांस, ह्या भागात आवडीने खातात. "सेंझा कार्ने, सेंझा पेश्शे" म्हणजे मांस नको, मासे नको, हे दोन्ही म्हणा, कारण नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं की मासे चालतात असं समजणारे वेटर अजून आहेत.

काफे पेद्रोक्कीमध्ये पुदिन्याच्या क्रीमची कॉफी मिळते. चमचा घालून ढवळायची नाही, थर थर करून प्यायची. उभं राहून प्यायलात तर बिल कमी, बसलात तर जास्त, हे इटलीभर तसंच.

## ९. इल सांतो: क्रमाने

दुपारी ३ नंतर जा. प्रवेश फुकट, तिकीट नाही, बुकिंग नाही, म्हणून लोक तयारी करत नाहीत आणि गोंधळतात. ट्रामने सांतो स्टॉप, किंवा चौकांपासून चालत १५ मिनिटं.

बाहेर आधी घोड्यावरचा पुतळा, शिल्पकार दोनातेल्लोने केलेला सेनानी गात्तामेलाता, १४५३ चा. त्याला एक फेरी मारा.

आत गेल्यावर फोटो बंद. मोबाइल खिशात. ओढणी खांद्यावर.

१. डाव्या बाजूने पुढे चालत जा. डावीकडच्या भागात संगमरवरी शिल्पांनी भरलेलं दालन, तिथे संताची समाधी. पायऱ्या चढून समाधीच्या मागच्या बाजूला जायचं, तिथे लोक दगडावर हात ठेवून उभे राहतात. तेवढाच विधी. ना धक्काबुक्की, ना "चला चला". मागे रांग असेल तर अर्ध्या मिनिटात पुढे सरका.

वसईच्या मैत्रिणीची आई आल्या होत्या, त्यांनी शेजारणींच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या, फरसाणाच्या प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून, चौदा चिठ्ठ्या. कुणाची नोकरी, कुणाचं मूल, एकीचं हरवलेलं सोन्याचं पेंडंट (हरवलेल्या वस्तूंचा संत, म्हणून). समाधीपाशी लोकांनी ठेवलेले फोटो, चिठ्ठ्या दिसतात, तिथे त्यांनी एकेक वाचून मग ठेवली, आणि मागे चाळीस माणसं थांबली. तर तुम्ही चिठ्ठ्या नेणार असाल तर वाचून घरी घ्या, तिथे नुसत्या ठेवा.

२. मग वेदीच्या मागे जा. गोलाकार फिरून मागे गेलात की अवशेषांचं दालन. संताची जीभ आणि जबड्याचं हाड सोन्या-चांदीच्या पात्रांत ठेवलंय. १२६३ मध्ये शव हलवताना जीभ कुजलेली नव्हती म्हणतात, आणि तो प्रसिद्ध होता प्रवचनांसाठीच. लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा, आमच्या पुतण्याने रात्रभर प्रश्न विचारले होते.

३. मुख्य वेदी: दोनातेल्लोची ब्राँझची शिल्पं. लांबून दिसतात, छोटी दुर्बीण असेल तर मजा येते.

४. उजवीकडे समाधीच्या बरोबर समोर चित्रकार अल्तिकिएरोने रंगवलेलं चॅपल. लोक समाधी झाली की निघतात आणि हे राहूनच जातं.

५. उजव्या बाजूने बाहेर पडलात की अंगणं, त्यातल्या एकात मोठ्ठं मॅग्नोलियाचं झाड. तिथे बसून पाणी प्या.

थांबा: मिस्सा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) चालू असेल तर मधल्या भागातून फिरू नका, बाजूच्या रांगेतून जा किंवा शेवटी उभे राहा. मिस्सेच्या वेळा दारावर लावलेल्या असतात.

## १०. पाय उरले असतील तर

इल सांतोहून दहा मिनिटांवर प्रातो देल्ला वाल्ले, पाण्याचा गोल कालवा आणि भोवती ७८ पुतळे. त्याच्या कडेला सांता जुस्तिना बासिलिका, इथे शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकची समाधी आहे. वसईच्या यात्रा कंपन्यांच्या बसमधून आलेल्या माझ्या ओळखीतल्या कुणालाच हे माहीत नव्हतं, अगदी समोर बस लावून जेवले आणि गेले. फक्त दुपारी काही तास बंद असते, म्हणून संध्याकाळीच जा.

वाटेत १५४५ ची वनस्पतिबाग लागते, आवड असेल तर तास काढा, नसेल तर सोडा. विद्यापीठाचं शरीरविच्छेदनाचं जुनं लाकडी थिएटर फक्त गाईडबरोबर दिसतं, ते पण आधी बुक करावं लागतं, एका दिवसात बसत नाही. कॅथेड्रलशेजारची बाप्तिस्म्याची इमारत मात्र बसवता आली तर बसवा, जूस्तो दे मेनाबुओईने रंगवलेला घुमट, वरून संतांच्या रांगाच्या रांगा गोल बसून खाली बघतायत. त्यालाही वेळेचं तिकीट आहे, चॅपलच्या स्लॉटनंतर किमान दीड तास सोडून घ्या.

यात्रेसाठीच आला असाल आणि मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या पलीकडे आर्चेल्लाला जा, संत जिथे वारला ती जागा. स्टेशनच्या उत्तरेच्या दाराने बाहेर पडायचं, दक्षिणेच्या नाही, नाहीतर परत जोत्तोच्या दारात पोचाल.

परतीच्या ट्रेनचं रीजनल तिकीट सकाळीच काढून ठेवलं असेल तर चेक-इन आत्ता करायचं, सकाळी नाही.